गजकर्णाची गोळी कशी घ्यायची आणि ती वाया कशी जाते

डॉक्टरांनी इट्राकोनॅझोल लिहून दिलं, पंधरा दिवस नेमानं घेतलं, आणि जांघेतलं गजकर्ण जिथल्या तिथे. औषध हलकं निघालं असं ठरवण्याआधी एवढंच आठवून बघा, की कॅप्सूल कशावर घेतली होती? सकाळच्या चहावर, ॲसिडिटीच्या गोळीपाठोपाठ, की जेवण झाल्यावर? बुरशीवर पोटातून घ्यायची औषधं मोजकीच आहेत. त्यातल्या प्रत्येकाचं पोटाशी, यकृताशी आणि घरातल्या बाकीच्या गोळ्यांशी वेगळं नातं आहे.

खालचं सगळं डॉक्टरांनी चिठ्ठी दिल्यानंतरचं आहे. इंदुरात मेडिकलवर जाऊन 'भिया, दाद की गोली दे दो' म्हणत आणलेल्या गोळीला ते लागू नाही. अंगावरचं ते गजकर्णच आहे की एक्झिमा की सोरायसिस, आणि तुमचं यकृत कसं आहे, हे काऊंटरच्या पलीकडून कळत नाही.

आधी स्ट्रिप उलटी करा. पुढच्या बाजूला ब्रँडचं नाव ठळक असतं, ते बाजूला ठेवा. मागे बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम असतात, ते चिठ्ठीशी जुळवा. त्वचेच्या बुरशीसाठी बहुतेक वेळा चारांपैकी एक नाव सापडेल: इट्राकोनॅझोल, टर्बिनाफीन, फ्लुकोनॅझोल किंवा ग्रिसिओफल्विन. किटोकोनॅझोलची गोळी निघाली, तर घेण्याआधी डॉक्टरांना पुन्हा विचारा. या गोळीनं यकृताला गंभीर इजा होते म्हणून २०१३ मध्ये युरोप आणि अमेरिकेत तिच्यावर कडक बंधनं आली. किटोकोनॅझोलचं मलम आणि शाम्पू ही गोष्ट वेगळी, त्यांना हा धोका लागू नाही.

इट्राकोनॅझोल: ताट पूर्ण झाल्याशिवाय नाही

या कॅप्सूलमध्ये पूड नसते, साबुदाण्याहून बारीक दाणे असतात. साखरेच्या दाण्यावर औषधाचा पातळ थर चढवलेला असतो, आणि तो थर विरघळतो फक्त आंबट, आम्लानं भरलेल्या पोटात. जेवणानं आम्ल सुटतं आणि अन्नामुळे दाणे पोटात जास्त वेळ राहतात. उपाशीपोटी घेतलेल्या कॅप्सूलमधलं बरंचसं औषध रक्तात न जाता तसंच बाहेर पडतं, आणि या कॅप्सूल स्वस्त नसतात.

म्हणून वरण-भात, पोळी-भाजी, वर चमचाभर तूप असं ताट आटोपलं, की शेवटच्या घासानंतर लगेच कॅप्सूल घ्यायची. पाण्याबरोबर, अख्खी, उघडून दाण्यांची पूड करून नाही. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत उभ्या-उभ्या खाल्लेली पोह्यांची अर्धी प्लेट जेवणात धरू नका. डॉक्टरांनी दिवसातून एकदाच सांगितली असेल, तर आपल्याकडे रात्रीचं जेवण सोयीचं पडतं, कारण दुपारचा डबा अनेकदा घाईत अर्धवट खाल्ला जातो.

उपासाचं काय? संकष्टीला चंद्रोदयानंतर जे पान वाढलं जातं, त्यावर घ्या. श्रावणी सोमवारी संध्याकाळी उपास सुटल्यावर घ्या. एकादशीला शेंगदाण्याचं कूट घालून केलेली साबुदाण्याची खिचडी पोटभर खाल्लीत तर तीही चालेल. दोन केळी आणि कपभर दुधावर मात्र नको. दिवसातून दोनदा घ्यायची असेल, तर उपासाच्या दिवशी काय करायचं हे चिठ्ठी घेतानाच विचारून ठेवा, दोन कॅप्सूल स्वतःच्या मनानं एकदम घेऊ नका.

आता ॲसिडिटीकडे वळू, कारण या औषधाचं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. शेव, कचोरी आणि रात्री उशिरा सराफ्यातला खाऊबाजार, असं खाणं असलेल्या या शहरात घराघरात पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल किंवा ओमेप्राझोलची स्ट्रिप असते. सकाळी एक टाकायची सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की 'आणखी काही औषध चालू आहे का?' या प्रश्नाला लोक 'नाही' म्हणतात. या गोळ्या आम्लच बंद करतात, आणि परिणाम दिवसभर टिकतो. त्यामुळे सकाळी पॅन्टोप्राझोल आणि रात्री इट्राकोनॅझोल असं अंतर ठेवूनही फार उपयोग नाही. ती थांबवता येते का, की बुरशीचं औषधच बदलायचं, हे डॉक्टरांवर सोडा. कधी कधी डॉक्टर कॅप्सूल साध्या कोलाबरोबर घ्यायला सांगतात. कोला आंबट असतो एवढाच त्यामागचा हिशेब. डाएट कोला त्यासाठी चालत नाही, आणि साखरेच्या रुग्णानं हा उपाय परस्पर करू नये. अँटासिडचं गुलाबी औषध, फसफसणारी पावडर किंवा खाण्याचा सोडा यांचा परिणाम थोडाच वेळ राहतो. कॅप्सूलच्या आधी आणि नंतर २-२ तास ती टाळली की काम भागतं.

पॅन्टोप्राझोलच्या त्याच स्ट्रिपवर अनेकदा डोम्पेरिडोनही लिहिलेलं असतं. मळमळीवरचं हे औषध इट्राकोनॅझोल किंवा फ्लुकोनॅझोलबरोबर घेऊ नये, कारण हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. दुकानात हे कुणी सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम.

बाजारात 'एसबी' किंवा 'सुबा' लिहिलेलं इट्राकोनॅझोलही मिळतं. ते आतड्यात जास्त चांगलं शोषलं जातं, त्यामुळे कमी मिलिग्रॅममध्ये तेवढंच काम होतं. ५० किंवा ६५ चा आकडा बघून डोस कमी दिलाय असं समजू नका. चिठ्ठीवर एक प्रकार आणि दुकानात दुसरा, असा बदल दुकानदारानं करून दिला तर घेऊ नका. दोन प्रकारांचे मिलिग्रॅम एकास एक बसत नाहीत. आणि इट्राकोनॅझोलचं पातळ औषध दिलं असेल, तर नियम उलटा, ते उपाशीपोटी घ्यायचं.

बाकीच्या गोळ्यांची पिशवी

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून न्या. बीपीच्या, साखरेच्या, कोलेस्टेरॉलच्या, झोपेच्या, दम्याचा पंपसुद्धा. नावं आठवून सांगण्यापेक्षा हे बरं.

इट्राकोनॅझोल यकृतातल्या ज्या यंत्रणेला अडवतं, तीच यंत्रणा अनेक औषधांचा निचरा करते. मग ती औषधं रक्तात साचतात. सिम्व्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिन याच्याबरोबर नाहीच. ॲटोरव्हास्टॅटिन डॉक्टर बऱ्याचदा तेवढ्यापुरतं थांबवतात किंवा कमी करतात. चालू राहिलं आणि मांड्या-पोटऱ्या दुखायला लागल्या, लघवी चहासारखी गडद झाली, तर स्नायू झिजत असल्याची ती खूण आहे. ॲम्लोडिपीनचा परिणाम वाढून पायांवर सूज येऊ शकते. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांना आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती चाचणी, लवकर-लवकर करावी लागते. अर्धशिशीवरचं अर्गोटामीन आणि गाऊट या सांधेदुखीवरचं कोल्चिसिन ही दोन्ही धोक्याची. दम्याच्या पंपातलं फ्लुटिकासोन किंवा ब्युडेसोनाइडही शरीरात साचतं. टीबीचं रिफाम्पिसिन, फिटचं फेनिटॉइन आणि कार्बामाझेपीन मात्र उलट करतात, इट्राकोनॅझोललाच इतक्या वेगानं संपवतात की घेणं न घेणं सारखंच.

हृदय कमजोर असलेल्यांना, म्हणजे पूर्वी हार्ट फेल्युअर सांगितलं गेलंय अशांना, नखांच्या किंवा त्वचेच्या बुरशीसाठी इट्राकोनॅझोल देत नाहीत. ते हृदयाचं आकुंचन क्षीण करू शकतं. इकोचा जुना रिपोर्ट असेल तर तोही पिशवीत टाका.

टर्बिनाफीन, फ्लुकोनॅझोल, ग्रिसिओफल्विन

टर्बिनाफीनची मोठ्यांसाठीची नेहमीची गोळी २५० मिलिग्रॅमची, दिवसातून एकदा. जेवणाआधी की नंतर यानं फरक पडत नाही. हाताच्या नखांना साधारण ६ आठवडे, पायाच्या नखांना १२. पण पायाचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, त्यामुळे गोळ्या संपल्या त्या दिवशी नख पिवळंच दिसणार. मुळाशी गुलाबी, स्वच्छ पट्टी सरकत येतेय का, ते बघा. या गोळीनं काहींची चव जाते. भुट्ट्याचा कीस एकदम पांचट लागायला लागला, तर मीठ-मसाल्याला दोष देण्याआधी डॉक्टरांना कळवा. चव सहसा परत येते, पण कधी कधी त्याला आठवडे-महिने लागतात. यकृताचा जुना आजार किंवा मूत्रपिंडं कमजोर असतील तर ही गोळी टाळतात. मेटोप्रोलॉल, ॲमिट्रिप्टिलीन आणि कोरड्या खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन हिच्यासोबत जपून.

फ्लुकोनॅझोल त्वचेसाठी बऱ्याचदा आठवड्यातून एकदा, १५० मिलिग्रॅम असं देतात. यातली चूक ठरलेली असते: रोजची गोळी समजून रोज घेणं, किंवा वार विसरणं. कॅलेंडरवर त्या वारांना पेनानं गोल करा. जेवणाचा संबंध नाही. साखरेसाठी ग्लिमेपिराइड किंवा ग्लिपिझाइड घेत असाल, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोकं हलकं होणं यावर लक्ष ठेवा आणि खिशात साखर असू द्या.

ग्रिसिओफल्विन जुनं औषध आहे, लहान मुलांच्या डोक्यातल्या गजकर्णासाठी अजून वापरतात. तुपा-दुधासारखं स्निग्ध काही पोटात असलं की ते जास्त शोषलं जातं. उन्हात त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते, दारूबरोबर जमत नाही. पुरुषांनी हे घेताना आणि संपल्यावर ६ महिने मूल होण्याचा विचार करू नये.

गरोदर असाल, शक्यता असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर या चारांपैकी कोणतीही गोळी सुरू करण्याआधी सांगा. मूल होऊ शकणाऱ्या बायकांनी इट्राकोनॅझोल संपल्यानंतरची पाळी येईपर्यंत गर्भनिरोधक चालू ठेवावं.

रक्ताचा रिपोर्ट

सुरू करण्याआधी एसजीपीटी-एसजीओटी ही यकृताची तपासणी करून घ्यावी, आणि कोर्स महिन्याच्या पुढे जाणार असेल तर मधे पुन्हा. पहिला रिपोर्ट जपून ठेवा. नंतरचा आकडा थोडा वर दिसला, तर तो औषधानं वाढलाय की आधीपासूनच तसा होता, हे त्यावरून कळतं. दारू या काळात बंद. 'थोडीशी' हा शब्द यकृताला कळत नाही.

डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकी, भूक मेलेली, सारखी मळमळ, उजव्या बरगडीखाली दुखणं: यातलं काही दिसलं तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी दाखवा. धाप लागणं, झोपताना उशी वाढवावी लागणं, पाय सुजणं, अंगावर फोड किंवा तोंड सोलवटणं, चेहरा सुजणं, ऐकू कमी येणं यांनाही हाच नियम. रात्र असेल तर सकाळची वाट न बघता एमवाय हे सरकारी रुग्णालय किंवा जवळचं जे असेल तिथे तातडीच्या विभागात जा, स्ट्रिप हातात घेऊन.

गोळी विसरलात आणि त्याच दिवशी आठवलं, तर घ्या, इट्राकोनॅझोल असेल तर पुढच्या जेवणावर. दुसऱ्या दिवशी दोन एकदम नको.

खाज थांबली, गोळी नाही

साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत खाज उतरते, आणि बहुतेक कोर्स तिथेच सुटतात. बुरशी मात्र त्वचेच्या वरच्या मेलेल्या थरात असते आणि तो थर झडून नवा यायला वेळ लागतो. डॉक्टरांनी सांगितलेला शेवटचा दिवस हाच शेवट. उलट चूकही होते: कड सपाट झाली, पापुद्रा नाही, खाज नाही, फक्त काळपट डाग उरलाय, तरी लोक गोळ्या चालू ठेवतात. तो डाग बुरशी नसून तिच्या मागे उरलेला रंग आहे. तो काही महिन्यांनी फिका होतो आणि त्यावर बुरशीची गोळी चालत नाही.

गेल्या काही वर्षांत गजकर्ण चिवट झालंय, त्याचं एक कारण ट्रायकोफायटन इंडोटिनी. २०२० मध्ये हे नाव मिळालेल्या या बुरशीच्या अनेक वाणांवर टर्बिनाफीन चालत नाही, कारण ते औषध ज्या एन्झाइमवर मारा करतं त्यातच बदल झालेला असतो. नीट घेऊनही फरक नसेल, तर डोस स्वतः वाढवू नका. कडेचा पापुद्रा खरवडून केओएच तपासणी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधणं, करून घ्या, आणि त्याआधी डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या जागेवर मलम लावू नका.

दुसरं कारण घरातल्या ड्रॉवरमध्ये असतं, क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन घातलेली 'थ्री-इन-वन' ट्यूब. स्टिरॉइडनं लाली दबते, बरं वाटतं आणि खाली बुरशी पसरत राहते. कड पुसट झाल्यामुळे डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं. गोळी चालू असताना अशी ट्यूब लावणं म्हणजे एका हातानं बंद केलेला नळ दुसऱ्या हातानं सोडणं. ट्यूबवरची बारीक यादी वाचा, शेवट 'सोन' किंवा 'सोल'नं होणारं नाव दिसलं तर विचारून घ्या. 'झोल'नं संपणारं नाव मात्र बुरशीचं औषध असू शकतं, क्लोट्रिमाझोलसारखं, म्हणून अंदाजानं फेकूही नका.

घरात आणखी कुणाला असेल तर उपचार एकाच वेळी. टॉवेल वेगळे. आतले कपडे गरम पाण्यात, उलटे करून वाळवायचे, आणि आषाढ-श्रावणात दोन-दोन दिवस वाळत नाहीत तेव्हा शिवणींवरून गरम इस्त्री फिरवायची. रामबागेतल्या जुन्या वाड्यांतून ओल्या भिंतीला लागून दोरी असते, तिथे वाळलेला कपडा हाताला थंड लागतो. तो वाळलेला धरू नका.

पुढच्या तपासणीला जाताना तीन गोष्टी न्या: रिकाम्या झालेल्या स्ट्रिपा, कारण किती गोळ्या खरोखर गेल्या ते त्यावरून मोजता येतं, रक्ताचा रिपोर्ट, आणि मोबाइलमध्ये त्या जागेचे दर आठवड्याला एकाच उजेडात काढलेले फोटो. उरलेल्या गोळ्या शेजारच्या काकूंना देऊ नका. त्यांना बीपीची कोणती गोळी चालू आहे, हे तुम्हाला माहीत नाही.