आयुष्मान कार्डावर दाखल होताना

आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून. पण कार्ड हातात असूनही लोक पैसे भरतात, आणि बहुतेक वेळा चूक दाखल होण्याआधीच झालेली असते.

रुग्णालय यादीत आहे एवढ्यावर थांबू नका. मान्यता विभागवार असते; हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी असेल, हृदयासाठी नसेल. 14555 वर फोन करून आजाराचं नाव सांगूनच विचारा.

रुग्णालयात पोचल्यावर आधी आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेसाठी मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याचा, कक्ष गाठा. कार्ड, आधार, डॉक्टरांची चिठ्ठी आणि तपासण्यांचे अहवाल द्या. आधार आणि कार्डावरचं नाव जुळलं नाही तर ओळख पटण्यातच अडकतं, म्हणून नावातली दुरुस्ती आजारपणाआधी करून घ्या. हे काम खरंच आजच करा. नियोजित शस्त्रक्रियेला योजनेची पूर्वमंजुरी लागते; ती आली का, हे स्वतः विचारा.

नुसत्या बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च यात बसत नाही. दाखल होण्यापूर्वीचे 3 दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे 15 दिवस, त्याच आजाराची औषधं-तपासण्या मात्र पॅकेजमध्ये येतात. औषधं बाहेरून आणायला सांगितली किंवा अनामत मागितली, तर पावती घ्या आणि तिथूनच 14555 वर तक्रार नोंदवा. तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

घरात सत्तर किंवा त्याहून जास्त वयाचं कोणी असेल तर त्यांचं ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड वेगळं काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही.