ई-बाईक पंचवीसच्या वर पळते? घरी तपासा आणि मार्गाला लावा

"लायसन नको, नंबर नको, इन्शुरन्स नको" असं सांगून ज्या इलेक्ट्रिक स्कूटर विकल्या जातात, त्यांच्याबाबत हे खरं आहे, पण अटींसह. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटरची तीस मिनिटांची सलग ताकद २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तरच गाडी मोटार वाहनात धरत नाहीत. पेडलच्या ई-सायकलला मोटरच्या मदतीची अटही महत्त्वाची: वेग वाढेल तशी मोटरची मदत कमी व्हायला हवी, २५ ला ती पूर्ण बंद व्हायला हवी, आणि पेडल मारणं थांबवलं तर त्याआधीच. वेगाची किंवा ताकदीची अट मोडली की ती मोटारसायकलच. पेडलं आहेत म्हणून सूट मिळत नाही, आणि मिळूही नये. युरोपातसुद्धा ताशी ४५ ने पळणारी ई-सायकल मोपेडच्या गटात धरतात.

मिळू नये, याचं कारण साधं गणित आहे. ताशी २५ ने धडकणं म्हणजे अडीच मीटर उंचीवरून पडण्याइतका मार. ताशी ५० ला तोच मार जवळपास दहा मीटरचा, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याचा. वेग दुप्पट, मार चौपट. थांबायचं अंतरही तसंच वाढतं. ब्रेक दाबायला एक सेकंद गेला आणि ब्रेक ठीकठाक असले, तर २५ ला गाडी साधारण १३ मीटरमध्ये थांबते, ४५ ला ३२ मीटर लागतात. आपल्या कोल्हापुरात महाद्वार रोडच्या गर्दीत ३२ मीटर मोकळे कुठून आणणार? समोरून रस्ता ओलांडणाऱ्या आजीला गाडीवर नंबर आहे की नाही याने फरक पडत नाही, वेगाने पडतो.

आता तपासणी. आधी व्होल्टेज बघा, कारण लेड-अॅसिडच्या स्कूटरवर सगळ्यात जास्त होणारा बदल तिथंच सापडतो. सीट उघडा, मल्टिमीटर डीसी २०० व्होल्टवर ठेवा आणि बॅटरी सेटच्या दोन टोकांना लावा. चार्जर काढून तासभर झालेला असावा. बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्यांचा ४८ व्होल्टचा सेट पूर्ण भरलेला असताना ५१ ते ५२ दाखवतो. ६४-६५ दिसले आणि मोटरवर किंवा कंट्रोलरवर (बॅटरीतून मोटरला वीज सोडणाऱ्या डब्यावर) ४८ लिहिलेलं असेल, तर कुणीतरी पाचवी बॅटरी जोडली आहे. "पाचवी टाक भावा, मग बघ कशी पळतीय" हा सल्ला सर्रास मिळतो. मोटरचे फेरे व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतात, त्यामुळे २५ ची गाडी ३१ वर जाते. वेगाचा लॉकही काढलेला असेल तर त्याहून पुढे.

त्या पाचव्या बॅटरीने आत काय होतं ते कंट्रोलर उघडल्यावर दिसतं. ४८ व्होल्टच्या कंट्रोलरमधले मोठे कपॅसिटर बहुतेक वेळा ६३ व्होल्टचे असतात, तसं त्यांच्या अंगावर छापलेलं असतं. सेट ६५ ला गेला की त्यांचं डोकं फुगतं. सपाट असायला हवं तिथं घुमट आलेला दिसतो, कधी तपकिरी चिकट द्रव बुडाशी सांडलेला असतो. असा कंट्रोलर चालू गाडीत अचानक बंद पडू शकतो. हेडलाइट-हॉर्नचा कन्व्हर्टरही याच कारणाने जातो. चार्जरची वेगळी भानगड. चार बॅटऱ्यांचा चार्जर साधारण ५९ व्होल्टला थांबतो, पाच बॅटऱ्यांना ७३ च्या आसपास लागतात. जुनाच चार्जर ठेवला तर सेट कधीच भरत नाही आणि काही महिन्यांत बसतो.

मग वेग मोजा. स्टँडवर चाक फिरवून मीटर बघू नका. भार नसल्याने आकडा फुगलेला येतो. गाडीच्या मीटरवरही पूर्ण विश्वास नको, त्यात चाकाचा व्यास चुकीचा भरलेला असेल तर वेगही चुकीचा दिसतो. टेपने १०० मीटर मोजा, दोन्ही टोकांना खडूची रेघ मारा, आणि आधी किमान ५० मीटर धाव घेऊन पूर्ण थ्रॉटलने पहिली रेघ पार करा. बॅटरी भरलेली असावी, रस्ता सपाट आणि रिकामा. रंकाळ्याच्या कडेला सकाळी चालणाऱ्यांची गर्दी असते, तिथं अजिबात नको. सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीचा आतला सरळ रस्ता बरा. एकदा जाताना, एकदा येताना वेळ घ्या आणि सरासरी काढा, म्हणजे वाऱ्याचा आणि उताराचा फरक जातो. १०० मीटरला १४.४ सेकंद म्हणजे ताशी २५. दहा सेकंद आले तर ३६, आठ आले तर ४५.

वजनासाठी बॅटऱ्या काढून स्कूटर भंगारवाल्याच्या प्लॅटफॉर्म काट्यावर चढवा, उद्यमनगरात असा काटा शोधावा लागत नाही. शेवटी मोटरची पाटी आणि विक्रेत्याने दिलेलं मान्यता प्रमाणपत्र जुळवा. पुण्याच्या एआरएआयसारख्या तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र मॉडेलच्या नावाने असतं. ते दाखवायला टाळाटाळ झाली तर ती गाडी घेऊच नका.

साध्या सायकलला मोठी हब मोटर (चाकाच्या मध्यात बसणारी) लावली असेल तर आणखी एक जागा बघा: मागच्या चाकाचा आस ज्या खाचेत बसतो ती. मोटर पुढे ढकलते तेव्हा आस उलटा फिरायला बघतो. अॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये खाच हळूहळू रुंद होते, एक दिवस आस फिरतो, वायर पिळून तुटते आणि चाक निसटू शकतं. खाचेच्या कडेला ताजी चमकदार घासण दिसली तर गाडी तिथंच थांबवा. टॉर्क आर्म, म्हणजे आस फिरू न देणारी पट्टी, लावून हा धोका कमी होतो, पण रिम ब्रेक आणि सायकलचे टायर चाळिशीच्या वेगासाठी बनलेले नसतात.

तपासणीत गाडी हद्दीबाहेर निघाली तर पुष्कळ जण आरटीओत जाऊन नंबर घ्यायचा विचार करतात. तसा नंबर मिळत नाही. मंद गाडी म्हणून मान्यता मिळालेल्या किंवा घरी किट लावलेल्या गाडीला मोटारसायकलची मान्यताच नसते. म्हणून मार्ग दोनच. एक, गाडी मूळ रूपात आणा: पाचवी बॅटरी काढा, कंपनीच्या रेटिंगचा कंट्रोलर बसवा, काढलेला लॉक पुन्हा जोडा आणि १०० मीटरची चाचणी परत घ्या. दोन, वेग हवाच असेल तर नोंदणी होणारी गाडी घ्या. टेंबलाईची चढण किंवा पन्हाळ्याचा घाट रोजचा असेल तर दुसराच मार्ग घ्या. माणसासकट दीडशे किलो वजन शंभराला पाच चढावर न्यायला २५० वॅटमध्ये ताशी दहाच्या आसपास वेग मिळतो. ती गाडी त्या रस्त्यासाठी नाहीच.

नोंदणीच्या गाडीचं काम डीलर करतो: फॉर्म २०, २१, २२, पत्त्याचा पुरावा आणि पाच वर्षांचा थर्ड पार्टी इन्शुरन्स. हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरात एमएच ०९ येतो. बॅटरीच्या गाड्यांना आरसीची फी ऑगस्ट २०२१ पासून माफ आहे आणि पीयूसी लागत नाही. लर्निंग लायसन ऑनलाइन निघतं, पक्क्यासाठी तीस दिवसांनी परीक्षा. हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही.

आणि पालकांनो, पोराच्या हातात लॉक काढलेली गाडी देऊ नका. कायद्याच्या नजरेत ते अल्पवयीनाने मोटार वाहन चालवणं ठरतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. त्याहून जड गोष्ट इन्शुरन्सची. अशा गाडीने कुणी जखमी झालं तर नुकसानभरपाई द्यायला मध्ये कंपनी नसते, रक्कम घरातून भरावी लागते. जुनी गाडी विकत घेताना म्हणूनच मल्टिमीटर खिशात घेऊन जा आणि सीट उघडून बॅटऱ्या मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.