गाडी पाणी खाते, पण थेंब कुठेच दिसत नाही

पसरणी घाटाच्या पायथ्याला, वाईत गॅरेज असलं की मे महिन्यात एक वाक्य रोज कानावर पडतं: "गाडी पाणी खाते हो, पण खाली थेंब नाही." महाबळेश्वरला निघालेलं भरलेलं कुटुंब, टपावर बॅगा, एसी फुल, पुढं ट्रकमागं दुसऱ्या गिअरचा चढ. सपाटीवर महिनोन्महिने लपून बसलेली गळती इथं बाहेर पडते. तोवर कुणीतरी गिऱ्हाइकाला सांगितलेलंही असतं, "हेड गॅसकेट उडालंय, हेड उतरवायला लागेल." हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आणि तो खालच्या ब्लॉकला घट्ट बसावा म्हणून मध्ये घातलेली पातळ पट्टी म्हणजे गॅसकेट. माझं म्हणणं एवढंच, की हेडला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. त्याआधी तपासायला बरंच काही आहे आणि त्यातलं निम्मं तुमच्या पार्किंगमध्ये होतं.

आधी कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं ते रंगीत पाणी, खरंच कमी होतंय का ते बघा. गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी असू द्या. सकाळी सेल मारायच्या आधी बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटलीवर मार्करनं रेघ ओढा, शेजारी किलोमीटर लिहा. गरम कूलंट फुगतं, त्यामुळं संध्याकाळची पातळी आणि सकाळची पातळी वेगळी दिसणारच. ती बघून उगाच घाबरणारे खूप येतात. कूलंट नुकतंच बदललं असेल तर आत अडकलेली हवा हळूहळू निघते आणि पातळी थोडी उतरते. एकदा वर भरली की ती तिथंच थांबली पाहिजे. थांबत नसेल, तर किती किलोमीटरला किती जातं ते लिहून ठेवा. हजार-दोन हजार किलोमीटरला वाटीभर जाणं वेगळं आणि एका घाटात लिटरभर जाणं वेगळं. मेकॅनिकला ही वही दाखवलीत तर त्याचंही काम हलकं होतं.

मग रेडिएटरचं किंवा कूलंटच्या बाटलीचं झाकण. याच्याकडं कुणी बघत नाही, म्हणून मी यावर जरा जास्त बोलतो. झाकणाचं काम दाब धरायचं. बहुतेक कारच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. पाचगणी सुमारे १३०० मीटर उंचीवर आहे. तिथं उघड्या भांड्यातलं साधं पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. इंजिनाचं रोजचं तापमानच ९० च्या घरात. आत एक बार दाब धरला असेल तर उकळायची वेळ १२० च्या जवळ जाते. झाकणाची स्प्रिंग मेली किंवा रबर चिरलं, की घाटात कूलंट उकळून वाफेनं निघून जातं आणि तुम्ही गाडीखाली वाकून थेंब शोधत बसता.

झाकणात उलट्या बाजूचा एक छोटा वॉल्व्हही असतो. जुन्या मारुती आल्टो, वॅगन आर या गाड्यांत झाकण रेडिएटरवर आणि बाटली बाजूला, मध्ये एक बारीक नळी. गरम असताना जास्तीचं कूलंट बाटलीत जातं, गार होताना तेच परत ओढलं जातं. तो वॉल्व्ह चिकटला किंवा नळीला चीर गेली तर परत ओढणं बंद. अशा गाडीत बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर रिकामा होत जातो. म्हणून या गाड्यांत नुसती बाटली बघून भागत नाही. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून काठापर्यंत आहे का ते बघा. सकाळी वरचा होज पाइप चपटा, आत ओढल्यासारखा दिसला तर तोच वॉल्व्ह अडकलाय असं समजा. पोलोसारख्या गाड्यांत झाकण थेट बाटलीवरच असतं आणि बाटलीसुद्धा दाबाखाली असते, तिथं बाटलीच्या जोडालाही बारीक तडा जातो. नवीन झाकण ही सगळ्या दुरुस्तीतली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे. शंका असेल तर आधी तेच बदला, पण आकडा तोच हवा.

गरम झाकण उघडायचं नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि दर हंगामात कुणीतरी हात भाजून येतंच.

आता गळती. थेंब खाली न पडण्याचं साधं कारण म्हणजे तो गरम इंजिनावर पडून तिथंच वाळतो. तेव्हा ओलं शोधू नका, डाग शोधा. टॉर्च घेऊन गार इंजिनावर बघा: पांढरी, हिरवी किंवा गुलाबी पापडी जिथं जमलीय तिथून गळतंय. होज पाइपच्या क्लिपा, थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं घर, रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी जिथं अॅल्युमिनियमच्या जाळीला दाबून बसवलेली असते ती कड. वॉटर पंपाच्या, म्हणजे आमच्या भाषेत वॉटर बॉडीच्या, पोटाला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून बाहेर यावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं. त्याखाली ओघळ वाळलेला दिसला तर पंप बदला. ते भोक एम-सीलनं बुजवून आणलेल्या गाड्या मी बघितल्यात.

एसीच्या पाण्यानं फसू नका. डाव्या बाजूला खाली टपकणारं, वास नसलेलं स्वच्छ पाणी एसीचं, ते पडलंच पाहिजे. कूलंट बोटाला बुळबुळीत लागतं, रंग असतो, वास गोडसर. चव मात्र घ्यायची नाही. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, आणि सांडलेलं तसंच सोडलं तर कुत्री-मांजरं चाटतात. गाडीच्या आत गोडसर वास येत असेल, समोरची काच आतून तेलकट धुरकट होत असेल, डावीकडच्या सीटपुढचा गालिचा ओला असेल, तर हीटर कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर, गळतोय. ते कूलंट गाडीच्या बाहेर पडतच नाही, मग खाली दिसणार कुठून?

एवढं करूनही काही सापडलं नाही तर प्रेशर टेस्ट. झाकणाच्या जागी हातपंप आणि दाब दाखवणारं घड्याळ बसवायचं, गार इंजिनावर झाकणावर लिहिलंय तेवढाच दाब भरायचा आणि काटा बघत थांबायचं. अर्ध्या तासात काटा हलला नाही तर इंजिन गरम करून परत, कारण काही तडे गरम झाल्यावरच उघडतात. ज्या गॅरेजात हा पंप नाही आणि तरी हेड उतरवायची भाषा चाललीय, तिथून सरळ गाडी काढा. काटा उतरतोय पण बाहेर ओल नाही, तर मग कूलंट आत जातंय.

आत जाण्याच्या खुणा सकाळीच बघाव्यात. रात्रभर गार झालेल्या गाडीचा वरचा होज पाइप दाबून बघा. तो मऊ हवा. कडक असेल आणि झाकण उघडताना फुस्स होत असेल, तर सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरतोय. गार इंजिन चालू केल्यावर मिनिटभरातच पाइप टणक होणं, बाटलीत सतत बुडबुडे येणं ही त्याचीच लक्षणं. पेट्रोल गाडी सकाळी क्षणभर एका सिलिंडरवर अडखळते आणि मग नीट चालते. स्पार्क प्लग काढले तर बाकीचे तपकिरी आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ. थंडीत सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते ती थोड्या वेळात थांबते. इंजिन तापल्यावरही पांढरा, गोडसर धूर येत राहिला तर काळजी करा. सकाळी सेल मारल्यावर इंजिन धाडकन अडकलं तर पुन्हा पुन्हा सेल मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी साठलेलं असू शकतं, आणि ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

ऑइलच्या झाकणाखाली चहावरच्या सायीसारखा थर दिसला की लोक हाय खातात. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत तो नुसत्या दमटपणानं येतो. डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवरचं, ऑइल स्वच्छ आहे का ते बघा. तिथंही दुधाळ असेल तरच गंभीर, आणि मग गाडी चालवू नका.

खात्रीसाठी रसायनाची टेस्ट आहे: बाटलीच्या तोंडावर निळ्या पाण्याची नळी धरून वरची हवा त्यातून ओढायची. जळालेला गॅस असेल तर निळ्याचं पिवळं होतं. डिझेल गाडीत मात्र हेडला दोष देण्याआधी ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत जाणारा धूर कूलंटनं गार करणारा भाग, तपासा. तो आतून फुटला की कूलंट धुराच्या वाटेनं जातं, पांढरा धूर येतो, आणि हेड बिचारं शाबूत असतं. त्याचा पाइप सोडून आत ओली काजळी सापडली की समजलं.

ट्रकवाले रेडिएटरमध्ये हळद टाकतात. घाटात अडकलात तर त्या दिवसापुरतं ठीक, पण नंतर सगळं धुवून काढा, नाहीतर हीटर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात. बाटलीतून मिळणाऱ्या गळती-बंद औषधाचंही तेच. विहिरीचं, बोअरचं पाणी नको, क्षार बसतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं. हिरवं आणि गुलाबी एकत्र करू नका.

आणि एवढं सगळं करून हेडच निघालं, तर नुसतं गॅसकेट टाकून बसवू देऊ नका. हेड मशीन शॉपला पाठवून सरळ पट्टी आणि फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) वाकलंय का ते बघायला सांगा, आणि तड्यासाठी प्रेशरला लावायला सांगा. एकदाच ताणायचे बोल्ट असतील तर ते नवीनच. गाडी परत आली की पुन्हा बाटलीवर रेघ ओढा.