लॅपटॉपला लावलेल्या स्पीकरचा आवाज वाढवायचाय?
बाहेरचे स्पीकर लावूनही आवाज बारीकच येत असेल तर आधी लॅपटॉपचा व्हॉल्यूम ९०च्या आसपास ठेवा आणि कमीजास्त स्पीकरच्या नॉबनेच करा, बरेच जण उलटं करतात आणि मग नॉब फुल फिरवला की नुसती खरखर वाढते. तरी कमीच वाटला तर विंडोजमध्ये टास्कबारवरच्या स्पीकर आयकॉनवर राइट क्लिक करून व्हॉल्यूम मिक्सर उघडा, तिथे ब्राउजरचा स्लायडर वेगळा असतो आणि तो २०वर पडून असला तरी कळत नाही. पिक्चरसाठी व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेयर बेस्ट, त्यात १२५ टक्क्यांपर्यंत जाता येतं, पण छोटे स्पीकर असतील तर आवाज फाटतो. आणि हो, जॅक पूर्ण आत बसलाय ना तेही बघा, अर्धवट असेल तर एकाच बाजूने वाजतं.