फोनला लावायच्या ३६० कॅमेऱ्याने फोटो कसा काढायचा

चार्जिंग पोर्टमध्ये खोचायचा हा छोटासा कॅमेरा दिसायला खेळण्यासारखा, पण नीट वापरला तर एका क्लिकमध्ये अख्खी जागा, म्हणजे चारही बाजू आणि वर-खाली सगळं, टिपतो. बरेच जण दोन-चार फोटो काढतात, ते वेडेवाकडे येतात आणि मग कॅमेरा कायमचा ड्रॉवरमध्ये जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण चूक बहुतेक वेळा उभं कुठे राहायचं एवढीच असते.

यात पाठीला पाठ लावून दोन फिशआय, म्हणजे खूप रुंद बघणाऱ्या फुगीर, लेन्स असतात. प्रत्येक लेन्स १८० अंशांपेक्षा थोडं जास्तच बघते, आणि दोघींना जो पट्टा दिसतो त्यावरून ॲप दोन चित्रं शिवून एक करतं. सगळा खेळ या शिवणीचा आहे.

आधी जोडणी. विकत घेण्याआधीच पोर्ट बघा, मायक्रो यूएसबी, टाइप सी की लायटनिंग, आणि अँड्रॉइड असेल तर फोनला ओटीजी, म्हणजे पोर्टमध्ये बाहेरचं उपकरण जोडून वापरायची सोय, चालतं का तेही बघा. काही फोनमध्ये ओटीजी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं आणि थोडा वेळ वापरलं नाही की ते आपोआप बंद होतं, मग वाटतं कॅमेराच बिघडला. जाड कव्हर असेल तर काढा, नाहीतर पिन पूर्ण आत जात नाही. कॅमेरा लावला की परवानगीची खिडकी येईल, तिथे हो म्हणा. लेन्स पुसा, दोन्ही पुसा! लावताना बोट लागतंच.

आता फोन उलटा धरा, म्हणजे चार्जिंगची बाजू वर आणि कॅमेरा डोक्यावर. पकड खालून, शक्य तितकी खाली, बोटं फोनच्या रुंदीबाहेर जास्त येऊ देऊ नका.

शिवण येते फोनच्या दोन्ही कडांच्या दिशेला, आणि तिथे कोणी जवळ उभं असेल तर त्याचं चित्र जोडावर तुटतं. माझ्या भाचीचा खांदा एका फोटोत असा दोन बोटं वर सरकलेला आलाय, कारण ती अगदी फोनच्या कडेला चिकटून उभी होती. दोन लेन्स वेगवेगळ्या जागेवरून बघतात ना, म्हणून जवळची वस्तू दोघींना वेगळी दिसते, लांबची साधारण सारखीच. म्हणून माणसं लेन्सच्या समोर घ्या, कडेच्या बाजूला निदान मीटरभर मोकळं सोडा. तरीही जोड दिसत असेल तर ॲपमध्ये कॅलिब्रेशन, म्हणजे दोन लेन्सची जुळणी नव्याने बसवणं, असतं ते एकदा करून बघा.

पण फार लांबही जाऊ नका. इन्स्टा३६० एअर या अशाच एका कॅमेऱ्याचा फोटो ३००८ बाय १५०४ पिक्सेलचा असतो, ऐकायला बरं वाटतं, पण ते पिक्सेल पूर्ण गोलावर पसरलेले असतात. ९० अंशांचा तुकडा बघितला तर रुंदीला जेमतेम ७५२ पिक्सेल उरतात. लांबचा डोंगर त्यात धूसरच येणार, दोन-तीन मीटरवरची माणसं मात्र छान येतात.

उन्हात सूर्य एका लेन्सच्या बरोबर समोर ठेवा. तो शिवणीवर आला तर दोन्ही लेन्समध्ये चकाकी येते आणि जोड लगेच दिसतो.

अजून एक, इथे कॅमेऱ्याच्या मागे अशी जागाच नसते. तुम्हीही फोटोत, मागून जाणारा अनोळखी माणूसही फोटोत, त्यामुळे आजूबाजूच्यांना आधी सांगा. स्वतःचा हात मोठा येऊ नये म्हणून फोन सेल्फी स्टिकवर लावून टायमर लावा, साधारण डोळ्यांच्या उंचीवर. व्हिडिओ घेताना हळू चाला, नाहीतर डोळ्यांवर लावायच्या व्हीआर हेडसेटमध्ये बघणाऱ्याला गरगरतं. आणि काम झालं की कॅमेरा काढून ठेवा, लावलेला फोन खिशात घातला तर पोर्टवरच जोर येतो, शिवाय काही कॅमेरे फोनचीच बॅटरी खातात.

शेअर करताना फाइल दोनास एक मापाचीच, म्हणजे उंचीच्या दुप्पट रुंद, राहू द्या, साध्या एडिटरमध्ये क्रॉप करू नका. हा ३६० फोटो आहे ही माहिती फाइलच्या आत लिहिलेली असते, फेसबुक ती वाचून फोटो फिरवता येईल असा दाखवतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर तो लांबट वाकडी पट्टी होऊन पोचतो, तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ॲपमध्ये त्याचा छोटा गोल ग्रह, म्हणजे अख्खी जागा गोळ्यासारखी दिसणारं साधं चित्र, करून तोच पाठवा, तो कुठल्याही फोनवर नीट दिसतो.