नखं खायचं सोडलंत ना, मग आता वाढवायची घाई करू नका

नखं कुरतडायची सवय सुटत आली की लगेच लोकांना लांब नखांची स्वप्नं पडायला लागतात, आणि बहुतेकांचं परत फिस्कटतं ते तिथेच. कारण खाल्लेलं नख नीट वाढत नाही हो, पातळ, वेडंवाकडं, कडेला दातेरी असं येतं, मग ते ओढणीत अडकतं, स्वेटरमधे अडकतं, आणि अडकलं की हात आपोआप तोंडाकडे, "एवढंच जरा सरळ करतो" म्हणून. त्या "एवढंच"मधे अख्खं नख जातं. म्हणून पहिले दोन-तीन महिने नखं लांब नाही करायची, गुळगुळीत ठेवायची. चावायला कड सापडलीच नाही तर निम्मं काम तिथेच झालं.

आधी किती वेळ लागणार ते माहीत असू दे. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलीमीटर वाढतं, मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवं नख यायला ४ ते ६ महिने जातात. म्हणजे पाडव्याला सोडलंत तर गणपतीपर्यंत धरून चाला. बाहेर दिसतं ते नख मेलेलंच असतं, त्याला काही लावून ते "बरं" होत नाही, जे काही जिवंत आहे ते मुळाशी, त्वचेच्या आत. सगळी काळजी घ्यायची ती त्या मुळाची आणि आजूबाजूच्या कातडीची.

फाईल

नेलकटरला जी पत्र्याची खरखरीत पट्टी असते ना, ती पातळ नखाला वापरू नका, त्याने पापुद्रे सुटतात. काचेची फाईल घ्या, नाहीतर बारीक दाण्याची साधी कागदी पट्टी पण चालते, तुळशीबागेत किंवा लक्ष्मी रोडला कॉस्मेटिकच्या दुकानात सहज मिळते. एक घरी, एक बॅगेत, एक ऑफिसच्या ड्रॉवरमधे, कारण खरखरीत कड लागते ती नेमकी मीटिंग चालू असताना. नख कोरडं असताना घासायचं, अंघोळीनंतर लगेच नाही, तेव्हा ते मऊ असतं आणि फाटतं. फाईल नखाच्या टोकाखाली जरा तिरकी धरायची आणि कडेकडून मध्याकडे, एकाच दिशेने, हलक्या हाताने न्यायची, मागेपुढे खराखरा नाही. झाल्यावर टोकावरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवून बघा, कुठे खुपलं तर तेवढीच जागा परत. आकार टोकदार नको, सरळ ठेवून कोपरे जरासे गोल करायचे, हा आकार सगळ्यात कमी तुटतो.

सालपटं

खरा शत्रू हाच. नखाच्या कडेला कातडीचं जे छोटं टोक उभं राहतं, ते दाताने ओढलं की सरळ आतपर्यंत फाटत जातं आणि मग रात्रभर ठणका. ओढायचं नाही म्हणजे नाही. बोट पाच मिनिटं कोमट पाण्यात बुडवा, पुसा, छोट्या धारदार कात्रीने ते टोक जितकं वर आलंय तितकंच बुडाशी कापा, वर व्हॅसलीन. बस.

आणि नखाच्या मुळाशी जी पातळ कातडीची पट्टी असते, क्युटिकल, ती कापायची नाही. ती पाणी आणि जंतू आत जाऊ नयेत म्हणून तिथे आहे. पार्लरमधे मॅनिक्युअरला बसलात तर आधीच सांगून टाका, "ताई, क्युटिकल कापू नका, नुसतं हलकं मागे करा," नाहीतर त्या सवयीने कापून मोकळ्या होतात.

नखुरडं झालंच तर, म्हणजे बाजू लाल होऊन सुजली, दुखायला लागली, तर कोमट पाण्यात १०-१५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा बोट बुडवून ठेवा. घरात कोणीतरी लिंबात बोट खुपसून बस म्हणेल, पण फाटलेल्या कातडीवर लिंबू नुसतं झोंबतं, राहू दे. सुईने फोडायचं तर अजिबात नाही. पू दिसला, लाली पसरायला लागली, ताप आला तर डॉक्टर, आणि शुगर असेल तर सुरुवातीलाच.

पाणी आणि तेल

नख पाण्यात फुगतं, वाळलं की आक्रसतं, आणि दिवसभर हेच चालू राहिलं की थर सुटतात. भांडी घासताना, फरशी पुसताना रबरी हातमोजे घाला, दिवाळीच्या साफसफाईत तर नक्कीच. हात धुतले की कोरडे पुसायचे आणि काहीतरी चोपडायचं. महागडं क्युटिकल ऑईल हवंच असं काही नाही, खोबरेल तेल चालतं, घाण्याचं असो की बाटलीतलं. रात्री सगळं आवरल्यावर प्रत्येक नखाच्या मुळाशी एकेक थेंब आणि अंगठ्याने गोल गोल चोळायचं. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची हवा कोरडी होते आणि सकाळी गाडीवर बोटं पार सुकतात, तेव्हा तेलावर व्हॅसलीनचा थर पण द्या. गाडी चालवताना कोपरापर्यंतचे हातमोजे आपल्याकडे घालतातच, ते घाला, म्हणजे सिग्नलला उभं असताना बोट तोंडात जायचा प्रश्नच मिटला.

कडू नेलपेंट

मेडिकलमधे किंवा ऑनलाईन मिळतं, त्यात डिनॅटोनियम बेंझोएट नावाचा भयंकर कडू पदार्थ असतो. नकळत बोट तोंडात जाणाऱ्यांना उपयोगी आहे, पण एक गोष्ट त्या बाटलीवर लिहीत नाहीत, आपण हाताने जेवतो! वरणभात कालवला की घास कडू. म्हणून डाव्या हाताला बिनधास्त लावा आणि उजव्याला लावलंत तर चमचा घ्या, पोळीभाजीचा काय तो बंदोबस्त तुमचा तुम्ही करा. फाटलेल्या कातडीवर मात्र लावू नका.

साधं नेलपेंट लावायला हरकत नाही, रंग लावलेलं नख खायला हात जरा कचरतो. रिमूव्हर अ‍ॅसिटोन नसलेला बघा आणि रोज रोज पुसू नका. जेल, अ‍ॅक्रिलिक, एक्स्टेंशन वगैरे मात्र आत्ता नको. लग्न तोंडावर आलंय म्हणून लोक लावतात, पण काढताना खरवडून काढलं की आधीच पातळ असलेल्या नखाचा वरचा थर पण जातो, आणि खालची कातडी उघडी असेल तर अ‍ॅलर्जी व्हायची भीती.

गोळ्या आणि ठिपके

नखावर पांढरे ठिपके दिसले की "कॅल्शियम कमी पडतंय" हे आपल्याकडे ठरलेलं उत्तर, पण ते बहुतेकदा मुळाला बसलेल्या छोट्या माराचे असतात, नखाबरोबर पुढे सरकून निघून जातात. बायोटिन स्वतःच्या मनाने सुरू करू नका, धडधाकट माणसाची नखं त्याने सुधारतात याला भक्कम पुरावा नाही, आणि जास्त डोसमधे थायरॉईडसारख्या रक्ततपासण्यांचे रिपोर्ट त्याने चुकू शकतात, घेत असाल तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगा. नख मधे खोलगट, चमच्यासारखं व्हायला लागलं तर रक्तातलं लोह तपासून घ्या. काळपट उभी रेघ नव्याने आली तर स्किनच्या डॉक्टरांना दाखवायचं, थांबायचं नाही.

मधेच एखादं नख तुटेल किंवा अभ्यासाच्या, कॉलच्या टेन्शनमधे खाल्लं जाईल. तर बाकीची नऊ तशीच वाढू द्या, ते एक ताबडतोब घासून गुळगुळीत करा. पूर्ण नखं कापायचा दिवस आठवड्यातून एक ठेवा, रविवार वगैरे, बाकी दिवस नुसती फाईल. आणि तिन्हीसांजेनंतर नखं कापायची नाहीत असं घरात ऐकवत असतील तर वाद घालू नका, फाईलला कोणी मनाई केलेली नाहीये.