पावसाळ्यातील सर्पदंश: दिवसा पाय जपा, रात्री अंथरूण जपा

पाऊस लागला की बिळांत पाणी शिरते, उंदीर आणि बेडूक बांधावर येतात आणि त्यांच्यामागे साप येतात. नेमकी त्याच दिवसांत आपली भातलावणी नि खुरपणी सुरू असते. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58 हजार माणसे दगावली. त्यांतले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले आहेत.

आपल्याकडचे मुख्य विषारी साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोणस कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकते. तो ऐकू आला तर पाऊल मागे घ्या. फुरसे लहानसे, कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर दगडाखाली सापडते. शेतात गमबूट घाला. गवताचा भारा किंवा दगड उचलण्याआधी काठीने हलवून बघा. रात्री पाणी द्यायला जाताना बॅटरी हवीच, चांदणे कितीही असो.

सर्वांत जास्त धास्ती मण्यारची घ्या. ती रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश दुखत नाही, सूज येत नाही, कधी खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळा येतात, घसा दुखतो, पापण्या मिटू लागतात, आणि घरचे पित्त समजून सोडा पाजत बसतात. पावसाळ्यात असे कोणाला झाले तर आधी मण्यारचा संशय घ्या आणि तडक दवाखाना गाठा. खाटेवर झोपा. खाट नसेल तर मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. सरपण, गोवऱ्या, कोंबड्यांचे खुराडे घराच्या भिंतीला लागून ठेवू नका.

साप चावलाच तर अंगठी, बांगड्या, जोडवी लगेच काढा, सूज चढल्यावर ती निघत नाहीत. हाड मोडल्यावर बांधतो तसा हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा आणि माणसाला चालू देऊ नका. आवळून दोरी बांधणे, ब्लेडने कापणे, तोंडाने चोखणे यांतले काहीच करू नका. घोणस किंवा फुरसे चावल्यावर कापलेल्या जागेचे रक्त थांबत नाही, आणि आवळलेला पाय काळा पडून गमवावा लागतो. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा.

108 ला फोन करा. गाडी यायला वेळ असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये घट्ट बसवून न्या. मांत्रिकाकडे घालवलेला तास परत मिळत नाही. साप मारून न्यायचीही गरज नाही: आपल्याकडची प्रतिसर्पविष लस या चारही सापांच्या विषावर चालते, आणि लहान मुलालाही ती मोठ्या माणसाइतकीच लागते. लस आणि श्वासाचे यंत्र जवळच्या कोणत्या रुग्णालयात आहे, हे पेरणीआधीच विचारून ठेवा.

दवाखान्यात चावल्याची वेळ सांगा. काचेच्या कोरड्या नळीत 20 मिनिटे रक्त ठेवून ते गोठते का, हे डॉक्टर पाहतील. काहीच त्रास दिसत नसला तरी 24 तास तिथेच थांबा.